कार्ड चालेल का? विचारलंत... आता उत्तर ऐका!

अकरावी-बारावीला फ्रेंच घेतलेल्यांनी जरा हात वर करा पाहू. बघा, निम्मं ऑफिस! आणि घेतलं कशासाठी होतं? भाषेच्या प्रेमापोटी? छे हो, स्कोअरिंग म्हणून. मराठीची गाडी पासष्टवर अडायची, तिथे फ्रेंच डोळे झाकून नव्वदच्या घरात. 'माझं नाव अमुक, मला एक भाऊ आहे, मांजर टेबलाखाली आहे' एवढ्या भांडवलावर आपण मार्क खेचले आणि रिझल्ट लागल्या दिवसापासून त्या भाषेचं तोंड पाहिलं नाही.

आता मात्र ऑनसाइट म्हणा, कॉन्फरन्स म्हणा, हनिमून म्हणा, नाहीतर क्रेडिट कार्डाच्या जिवावर केलेली दहा दिवसांची ट्रिप म्हणा, कुठल्या ना कुठल्या निमित्ताने फ्रान्स नशिबात येतंच. मग निघायच्या आदल्या रात्री, बॅग वजनकाट्यावर असताना, आपण घाईघाईत चार वाक्यं पाठ करतो. त्यात एक हमखास असतं. कार्ड चालेल का?

वाक्य एकदम सोपं आहे. 'झ प पेये पार कार्त?' मी कार्डाने पैसे देऊ का? विचारणारा मुलगा असो की मुलगी, वाक्य तेच, त्यामुळे व्याकरणाचं टेन्शन नाही. इतकंही जमत नसेल तर 'वू प्रने ला कार्त?' तुम्ही कार्ड घेता का? पोळी-भाजी केंद्रात 'जीपे आहे का?' विचारतो ना, तितक्याच सहज तिथले लोकही हे विचारतात. फ्रीलान्सर असल्यामुळे पेमेंटबद्दल विचारणं हा तर माझा जन्मसिद्ध हक्क आहे, त्यामुळे हे वाक्य माझ्या तोंडात लगेच बसलं.

पण प्रश्न हा फुटलेला पेपर आहे हो. तो सगळ्या पुस्तकांत असतो, सगळ्या अॅप्सवर असतो. खरी गंमत पुढेच. समोरची व्यक्ती उत्तर देते! आणि ते उत्तर कुठल्याच पुस्तकात नसतं. मासकॉमला मुलाखतीच्या पहिल्या लेक्चरला आम्हाला सांगितलं होतं, प्रश्नांची यादी खिशात ठेवा आणि कान समोर ठेवा. फ्रान्सला जाणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते. पाच प्रश्न पाठ करण्यापेक्षा पाच उत्तरं ओळखायला शिका.

का म्हणते? ऐका.

गेल्या वर्षी मी ल्योंला होते. (नकाशात आपण लियॉन वाचतो तेच.) जुन्या गावातल्या दगडी गल्लीत एक छोटीशी बेकरी. सकाळचे साडेआठ, रांग दाराबाहेर आलेली. माझ्या पुढे एक काका-काकू. मराठी आहेत हे कसं कळलं? 'अहो, दोनच घ्या, उगाच वाया जातील,' हे वाक्य जगात दुसऱ्या कुठल्या भाषेत ऐकू येतं?

काकांनी दोन बोटं दाखवली. दोन क्रोसाँ कागदी पिशवीत पडले. एकाची किंमत १ युरो ३० सेंट, समोरच पाटीवर. काकांनी फॉरेक्स कार्ड पुढे केलं, 'कार्ड?' बेकरीवाल्या बाई म्हणाल्या, 'ला कार्त, से-ता पार्तीर द सँकरो, मस्य.' आता काकांनी टूरवाल्यांच्या पुस्तिकेतून एक ते दहा आकडे चोख पाठ केले होते. त्यांना त्या वाक्यातला 'सँक' बरोबर कळला. सँक म्हणजे पाच.

'फाइव्ह? व्हाय फाइव्ह?' काकांचा आवाज चढला. 'बोर्ड सेज वन थर्टी! टू पीसेस, टू सिक्स्टी!'

बाईंना वाटलं, हे गृहस्थ दुकानाच्या नियमावरून वाद घालतायत. त्यांनी काउंटरच्या काचेवर चिकटवलेली हाताने लिहिलेली चिठ्ठी दाखवली. चिठ्ठीवर ठसठशीत ५ आणि पुढे युरोची खूण. झालं! काकांचा संशय पक्का. मागून रांगेतून एक उसासा. बाईंच्या कपाळावर आठी. काकूंनी पिशवी हळूच परत सरकवली आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, 'राहू द्या हो. आपल्याला बघून भाव वाढवतात हे लोक.'

ते वाक्य मला लागलं. कारण ते दोघं हेच वाक्य घेऊन घरी जाणार होते. पुढची दहा वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक हळदीकुंकवाला फ्रान्स म्हणजे 'दोन क्रोसाँचे पाच युरो मागितले बाई!' एवढंच उरणार होतं. आणि तिकडे त्या बाईही संध्याकाळी घरी जाऊन सांगणार होत्या की इंडियन लोक पावाचासुद्धा भाव करतात. चूक कुणाचीच नाही, अडलं होतं 'आ पार्तीर द' या तीन छोट्या शब्दांवर.

'आ पार्तीर द' म्हणजे 'पासून पुढे'. बाई म्हणत होत्या, कार्ड पाच युरोंपासून पुढे चालतं. मी काकांना सांगितलं तसं ते म्हणाले, 'मग तसं सांगायचं ना तिने!' तिने अक्षरशः तसंच सांगितलं होतं. काकूंचा मात्र हिशोब एव्हाना झालेला. 'मग चार घ्या. पाच-वीस होतात. एक ह्या मुलीलाही होईल.' मस्त गरम क्रोसाँ मिळाला मला, फुकटात!

तर उत्तर नंबर एक, 'आ पार्तीर द'. फ्रान्समध्ये कार्ड घ्यायचं की नाही आणि किती रकमेपासून घ्यायचं हे दुकानदार ठरवू शकतो, फक्त तसं दुकानात लिहून ठेवायला हवं. म्हणून त्या चिठ्ठ्या. त्यावर 'सेबे' अशी दोन अक्षरं असतात, म्हणजे बँकेचं कार्ड. जुने लोक त्याला 'कार्त ब्ल' म्हणजे निळं कार्ड म्हणतात. १९६७ साली तिथल्या बँकांनी त्या नावाचं कार्ड काढलं होतं. तुमचं कार्ड सोनेरी असो की जांभळं, ते निळंच!

आणि 'सँकरो' हे काय प्रकरण? तर पाच युरो. फ्रेंच माणूस आकडा आणि युरो एका श्वासात चिकटवून बोलतो, त्यामुळे कानाला ना धड आकडा लागतो ना धड युरो. आता ही बाराखडी बघा. 'दझरो' म्हणजे दोन युरो. 'दीझरो' म्हणजे दहा. 'दूझरो' म्हणजे बारा. द, दी, दू! दोनाचे बारा व्हायला एक स्वर पुरतो. आंघोळ करताना मोठ्याने म्हणून बघा, घरचे विचारतील बरं वाटतंय ना.

सत्तरच्या पुढे तर कहरच. सत्तर म्हणजे साठ-दहा. ऐंशी म्हणजे 'कात्र-व्हँ', चार वीस. नव्वद म्हणजे चार-वीस-दहा, आणि सत्त्याण्णव म्हणजे चार-वीस-दहा-सात! हॉटेलचं बिल ऐकताना तो माणूस 'कात्र' म्हणाला की आपण चारला थांबतो, आणि तो आरामात सत्त्याण्णवपर्यंत पोहोचतो. पण आपण हसायचं कारण नाही. गावाकडे आजी अजून 'चार विसा' मोजते ना? तेच हे. आणि एकोणसाठ म्हणजे पन्नासच्या घरातले की साठच्या, हे आपल्यातल्या कॉन्व्हेंटवाल्यांना आजही सांगता येत नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'साठी 'वीस सात' असं संख्यावाचन आलं तेव्हा आपल्याकडे किती गदारोळ झाला होता, आठवा. स्वित्झर्लंड आणि बेल्जियममधल्या फ्रेंच बोलणाऱ्यांनी मात्र हा गुंता सोडवून टाकलाय. सत्तरला ते सरळ 'सेप्ताँत' म्हणतात आणि नव्वदला 'नोनाँत'. पॅरिसमध्ये अडलात तर गल्ल्याच्या स्क्रीनकडे बघा, नाहीतर 'वू पुवे लेक्रीर?' म्हणजे 'लिहून दाखवता का?' असं विचारा. लाजायचं काय त्यात?

पुढचं उत्तर आठवडी बाजारात भेटतं. तुम्ही चीज, ऑलिव्ह, स्ट्रॉबेरी असं सगळं पिशवीत भरता आणि मग कार्ड काढता. विक्रेता मान हलवतो, 'सलमाँ आँ-नेस्पेस.' फक्त रोख. रोखीला दुसरा शब्द आहे 'लिकीद', म्हणजे शब्दशः पातळ पदार्थ. आपल्याकडे पैसा खेळता असतो, त्यांच्याकडे वाहता, एवढाच फरक. पैशाला एरवी ते 'आर्जाँ' म्हणतात आणि त्याचा मूळ अर्थ चांदी. आपला 'रुपया'सुद्धा चांदीवरूनच आलाय, तेव्हा मूळ खानदान एकच म्हणायचं. जवळ रोख नसेल तर विचारा 'दिस्त्रिब्यूतर' कुठे आहे. एटीएम म्हटलं तर सगळ्यांनाच कळेल असं नाही.

रोख काढलीत तरी सुटलात असं समजू नका. शंभराची करकरीत नोट पुढे केली की प्रश्न येतो, 'वूझावे लाप्वँ?' बरोबर तेवढेच सुट्टे आहेत का? बसमधला कंडक्टर आठवला ना? फ्रान्समध्ये दुकानदाराला युरोची नाणी-नोटा नाकारता येत नाहीत, पण बरोब्बर रक्कम देण्याची जबाबदारी कायद्याने गिऱ्हाइकावर टाकलीय. म्हणजे दोन युरोंच्या पावाला शंभराची नोट दिलीत तर 'सुट्टे नाहीत' म्हणणारा तो माणूस उद्धट नसतो, नियमात बसून बोलत असतो. आणि सूड म्हणून चिल्लर ओतायचा विचार असेल तर एका वेळी पन्नासपेक्षा जास्त नाणी घ्यायचं बंधन त्याच्यावर नाही! म्हणून इथूनच युरो घेताना फॉरेक्सवाल्याकडून दहा-वीसच्या नोटा मागून घ्या. तो कंटाळा करेल, तरी मागा. सुट्ट्या पैशांना शब्द आहे 'मोने'. ऐकायला इंग्रजी 'मनी'सारखा वाटतो, म्हणून लोक फसतात. 'मोने आहे का?' असं कुणी विचारलं तर तो तुमची श्रीमंती काढत नसतो, सुट्टे मागत असतो.

कार्ड चालतं म्हणाले तरी मशीनपाशी छोटासा पाठ असतोच. 'आले-झी' म्हटलं की लावा कार्ड. 'व्होत्र कोद' म्हटलं की पिन दाबा. बिनपिनचं टॅप करायची मर्यादा तिथे २०२०च्या मे महिन्यापासून पन्नास युरो आहे, त्यापुढे पिन लागतोच. आपल्याला ऑनलाइन ओटीपीची इतकी सवय की क्रेडिट कार्डाला पिन असतो हेच कित्येकांना ठाऊक नसतं. आणि हे त्या देशात, जिथल्या रोलाँ मोरेनोने १९७४ साली चिपवाल्या कार्डाचं पेटंट घेतलं आणि जिथे १९९२ सालीच बँकांच्या सगळ्या कार्डांवर चिप आली! मशीनने 'टुंग' केलं की समोरचा म्हणतो 'से बों'. शब्दशः 'चांगलं आहे', पण इथे क्रोसाँच्या चवीचा विषय नाही. पैसे गेले, काम झालं, एवढाच अर्थ.

'सा न पास पा' ऐकू आलं तर मात्र थांबा. कार्ड जात नाहीये. घाबरू नका, बहुतेक वेळा भानगड आपल्याच घरची असते. रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या नियमामुळे आपली नवी कार्डं फक्त देशातल्या वापरासाठी सुरू होऊन येतात. परदेशातला वापर आणि टॅप करायची सोय आपणच बँकेच्या अॅपवरून चालू करायची असते. मुंबई एअरपोर्टवर सेल्फी टाकण्याआधी हे एक काम उरका. आणि 'ए-ताँ पान' ऐकलंत तर कुणी मसाला पान देत नाहीये बरं का! 'पान' म्हणजे मशीन बंद पडलंय.

मशीन कधीकधी लाडात येऊन स्वतःच विचारतं, रुपयांत देऊ की युरोत? आपला रुपया बघून जीव भरून येतो, बोट तिकडेच जातं. आवरा! रुपयांतला दर ठरवताना मशीनवाले आपला वाटा काढून घेतात आणि तो सौदा बहुतेक वेळा आपल्या बँकेच्या दरापेक्षा महाग पडतो. युरोच दाबा. मशीन दुकानदाराच्या हातात असेल तर 'आँ-नरो, सिल वू प्ले' म्हणा. युरोत, प्लीज.

यूपीआय? हो, आयफेल टॉवरच्या तिकिटांसाठी ते २०२४च्या फेब्रुवारीत सुरू झालं आणि आपली छाती फुगली, ते ठीक. पण म्हणून गल्लीतल्या बेकरीत क्यूआर कोड शोधत उभे राहू नका.

आता ऑफिसच्या खर्चाने जाणाऱ्यांसाठी खास. पैसे दिल्यावर विचारतात, 'वूले ल तिके?' लोकांना वाटतं मेट्रोचं तिकीट विकतायत, म्हणून 'नो, नो, थँक यू' म्हणून मोकळे होतात. अहो, 'तिके' म्हणजे पावती! १ ऑगस्ट २०२३पासून फ्रान्समध्ये पावती आपोआप छापून देत नाहीत, मागितली तरच छापतात. म्हणजे तुम्ही 'नो' म्हणालात की तुमचं रिइम्बर्समेंट तिथेच बुडालं. अकाउंट्सवाल्यांना 'फ्रेंच कायदा' सांगून बघा, काय उत्तर मिळतं ते! तेव्हा 'वी, सिल वू प्ले' म्हणायचं आणि पावती पाकिटात टाकायची. कॅफेच्या दारांवर 'तित्र रेस्तोराँ' चालतात असे स्टिकर दिसतील, ती तिथल्या नोकरदारांची जेवणाची कुपनं. आपल्या पिढीला सोडेक्सोची कुपनं आठवत असतील, ती कंपनीसुद्धा १९६६ साली मार्सेयमध्येच सुरू झाली होती.

रेस्टॉरंटमध्ये अजून एक सापळा आहे. जेवण झाल्यावर नुसतं 'ला कार्त, सिल वू प्ले' म्हणालात तर वेटर हसून मेन्यू आणून देईल. कारण हॉटेलात 'ला कार्त' म्हणजे मेन्यूकार्ड! (आणि 'मेन्यू' म्हणजे ठरावीक दरातली थाळी. आता काय बोलणार!) म्हणून 'पार कार्त' मधला 'पार' विसरायचा नाही. बिल स्वतःहून कुणी आणून देत नाही. गिऱ्हाइकाला उठवल्यासारखं होतं, म्हणून ते पाप समजतात. 'लादिस्यों, सिल वू प्ले' म्हणायचं, म्हणजे शब्दशः 'बेरीज आणा'. ग्रुपमध्ये टीटीएमएम असेल तर 'ओं प पेये सेपारेमाँ?' वेगवेगळे पैसे देऊ का? हे मशीन टेबलावर येण्याआधी विचारा, नंतर विचारलंत तर वेटरच्या चेहऱ्यावर चार-वीस-दहा-सात आठ्या पडतील.

आणि या सगळ्याच्या आधी एक शब्द. बोंजूर. आत शिरताना, प्रश्न विचारण्याआधी, पाकिटाला हात घालण्याआधी. आपल्याकडे दुकानात शिरताच 'अर्धा किलो साखर' म्हणतो आणि दुकानदाराला त्यात काही वावगं वाटत नाही. तिथे बोंजूरशिवाय सुरुवात केली की समोरच्याला आपण चपलांसकट देवघरात शिरल्यासारखं वाटतं. काकांच्या 'कार्ड?'लाही बाईंनी जो कोरडा चेहरा केला होता त्यात निम्मा वाटा या न बोललेल्या बोंजूरचा होता. नीसमधल्या एका कॅफेने २०१३ साली चक्क पाटीच लावली होती. नुसतं 'एक कॉफी' म्हणालात तर ७ युरो. 'एक कॉफी, प्लीज' म्हणालात तर ४ युरो २५ सेंट. 'बोंजूर, एक कॉफी, प्लीज' म्हणालात तर १ युरो ४० सेंट! मालकाने गंमत म्हणून लावली होती म्हणे, पण फोटो जगभर फिरला.

राहता राहिली टिप. वेटरसाठी किती ठेवायचं या चिंतेने आपला अर्धा गोडवा जातो, तर ती चिंताच नको. १९८७पासून तिथल्या मेन्यूवरच्या किमतीत सर्व्हिस धरलेलीच असते, बिलावर तसं छापलेलंही असतं. वर काही द्यायचं तर आनंदाने. टिपला त्यांचा शब्द आहे 'पूर्‌ब्वार', म्हणजे 'प्यायला'. आपलं चहापाणीच की! जेवण छान झालं असेल तर उठताना दोन युरोंचं नाणं बशीत ठेवा. दझरो हं, दीझरो नाही.